कर्करोगाच्या रक्तचाचणीला बार्शीची कसोटी

स्तनाच्या कर्करोगात बाईचा जीव सहसा मूळ गाठीने जात नाही. गाठीतल्या काही पेशी आपली जागा सोडतात, रक्तावाटे फुप्फुसात, यकृतात, हाडांत जाऊन रुजतात आणि मग आजार आवरेनासा होतो. पेशी जागा का सोडते, या प्रश्नाचा एक धागा पुण्यात उलगडला. विद्यापीठाच्या आवारातील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये, म्हणजे एनसीसीएसमध्ये, मानस सांत्रा यांच्या गटाने 2017 साली हे काम प्रसिद्ध केले. ‘स्लग’ नावाचे एक प्रथिन पेशीला शेजारच्या पेशींपासून सुटी करते आणि फिरती बनवते. ‘एफबीएक्सओ31’ हे दुसरे प्रथिन स्लगवर खूण करते आणि खूण झालेला स्लग पेशीतच नष्ट केला जातो. मात्र मायक्रोआरएनए-93 आणि मायक्रोआरएनए-106ए हे दोन चिमुकले रेणू वाढले, की एफबीएक्सओ31 पुरेसे तयारच होत नाही. मग स्लग साचतो, आणि साचलेला स्लग उलट याच दोन रेणूंचे उत्पादन वाढवतो. एकदा हे चक्र सुरू झाले, की ते स्वतःच स्वतःला चालू ठेवते आणि पेशीची आक्रमकता टिकून राहते.

या रेणूंची लांबी जेमतेम बावीस अक्षरांची. जनुकातील माहितीची नक्कल घेऊन जाणाऱ्या संदेशवाहक आरएनएला ते चिकटतात आणि त्या संदेशापासून प्रथिन तयार होण्याचे प्रमाण कमी करतात. त्यांचे काम दिव्याच्या बटणासारखे नाही, पंख्याच्या रेग्युलेटरसारखे आहे: जनुक बंद पडत नाही, त्याचा वेग कमी-जास्त होतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कुन यांना 1993 साली असा पहिला रेणू एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला. हा कृमीपुरताच विचित्र प्रकार असावा, असे तेव्हा अनेकांना वाटले. पुढे माणसात असे हजाराहून अधिक रेणू आढळले आणि 2024 साली या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. कर्करोगाशी त्यांचे नाते 2002 मध्ये उघड झाले. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कर्करोग रोखणारे एखादे नेहमीचे जनुक सापडेल म्हणून वर्षानुवर्षे शोध चालला होता. जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांना तिथे मिळाले ते मायक्रोआरएनए-15 आणि 16. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक कर्करोगात या रेणूंचा तोल ढळलेला आढळला. काही वाढून कर्करोगाला हातभार लावतात, तर काही घटल्यामुळे त्याच्यावरचा लगाम सुटतो.

हे विज्ञान पक्के आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी काळजी पुढच्या टप्प्याची आहे. प्रयोगशाळेतल्या शोधापासून रुग्णाच्या उपचारापर्यंतच्या वाटेवर दोन चुका होऊ शकतात. एक म्हणजे घाई: रेणू सापडला, की लगेच ‘रक्ताच्या थेंबात कर्करोग ओळखा’ म्हणून चाचणी विकायला काढायची. दुसरी म्हणजे हे परदेशात सिद्ध होईल, मग आपण आयात करू, असे म्हणून स्वस्थ बसायचे. या दोन्ही चुका टाळण्याचा मार्ग महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. तो याच राज्यातल्या खेड्यांनी आणि वस्त्यांनी जगाला दाखवून दिला आहे. मायक्रोआरएनएची प्रत्येक चाचणी आणि प्रत्येक उपचार त्याच कसोटीला लावला पाहिजे, आणि ती कसोटी घेण्याची तयारी पुण्याने आजच सुरू केली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी या रेणूंचा उपयोग कुठे खरा ठरतो ते पाहू. मेड्युलोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या मेंदूचा कर्करोग. शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण मेंदूला आणि पाठीच्या कण्याला किरणोपचार द्यावे लागतात. मूल वाचते, पण त्याची बुद्धी, उंची, संप्रेरके यांवर त्या किरणांचा कायमचा परिणाम राहू शकतो. या आजाराचे चार जैविक गट आहेत. त्यांपैकी ‘डब्ल्यूएनटी’ गटातली नव्वद टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर दुसऱ्या एका गटाचे भवितव्य फार वाईट असते. म्हणून मुलाचा गट ओळखणे मोलाचे. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात नीलम शिरसाट यांच्या गटाने 2013 मध्ये बारा जनुके आणि नऊ मायक्रोआरएनए मोजून हा गट ठरवणारी पीसीआर चाचणी प्रसिद्ध केली. या चाचणीला गोठवलेली ताजी गाठ लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून मेणात बसवतात. पॅथॉलॉजी विभागांच्या कपाटांत असे ‘ब्लॉक’ वर्षानुवर्षे जपलेले असतात. फॉर्मलिनमध्ये लांब आरएनएचे तुकडे पडतात, पण मायक्रोआरएनए मुळातच इतका आखूड, की तो बऱ्याच अंशी शाबूत राहतो. उणे ऐंशी अंशांचे फ्रीझर परवडत नाहीत अशा आपल्या रुग्णालयांसाठी हा गुण फार मोठा आहे.

पण गट ओळखता आला म्हणजे उपचार ठरला, असे नाही, हेही टाटा मेमोरियलनेच दाखवले. डब्ल्यूएनटी गटातली मुले इतकी छान बरी होतात, तर त्यांना पूर्ण मेंदू-कण्याचे किरण कशाला, फक्त गाठीच्या जागेपुरते दिले तर चालणार नाही का, हा प्रश्न रास्त होता. त्यासाठी तिथे एक लहानसा अभ्यास सुरू झाला. त्यात काही मुलांना गाठीच्या जागेबाहेर, मेंदूच्या इतर भागांत आणि कण्यात, आजार उलटला. अभ्यास वेळेआधी थांबवण्यात आला. आता अशा मुलांमध्ये मेंदू-कण्याचे किरण पूर्ण न वगळता त्यांची मात्रा कमी करून पाहिली जात आहे. कागदावर निर्दोष वाटणारा तर्क रुग्णापाशी चुकला. डॉक्टरांनी तो मोजक्या मुलांवर, डोळ्यांत तेल घालून, थांबण्याचे नियम आधी ठरवून तपासला होता, म्हणूनच चूक लवकर कळली आणि त्यांनी ती प्रसिद्धही केली. जैविक खूण कितीही नेमकी असली, तरी तिच्या आधारे घेतलेला निर्णय रुग्णाला तारतो की नाही, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

रक्तचाचणीच्या बाबतीत हा धडा आणखी कडक आहे. मायक्रोआरएनए रक्तात टिकून राहतात, त्यामुळे गाठीतून बाहेर पडलेले रेणू रक्तात मोजून कर्करोग लवकर ओळखावा, ही कल्पना आकर्षक आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अशा ‘खुणा’ सांगणारे शोधनिबंध ढिगाने निघाले. पण रक्त काढतानाच काय घडते ते पाहा. सुई बारीक असली, सिरिंज जोरात ओढली, ट्यूब हलवली किंवा प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला, तर काही तांबड्या पेशी फुटतात. ट्यूबमधला वरचा पिवळसर द्रव किंचित गुलाबी दिसतो, कधी तेवढाही दिसत नाही. पण फुटलेल्या पेशींतले मायक्रोआरएनए-16 आणि 451 भरपूर प्रमाणात त्या द्रवात मिसळलेले असतात. 2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कर्करोगाच्या खुणा म्हणून प्रसिद्ध झालेल्या रक्तातल्या 79 मायक्रोआरएनएंची छाननी केली. त्यांपैकी 46 रक्तपेशींतच मुबलक असतात, असे आढळले. म्हणजे ज्याला गाठीची खूण समजले जात होते, ती रक्त नीट न काढल्याची खूण असण्याची शक्यता होती. मोठ्या रुग्णालयात सकाळी काढलेले निरोगी माणसाचे रक्त आणि खेड्यातून एसटीने आलेला रुग्णाचा नमुना यांची तुलना केली, तर चाचणी आजार ओळखते की प्रवास, हे सांगता येणार नाही.

नमुने अगदी शिस्तीत घेतले तरी गणित उरतेच. समजा एखादी चाचणी 100 रुग्णांपैकी 95 जणांना पकडते आणि 100 निरोगी माणसांपैकी 95 जणांना बरोबर निरोगी ठरवते. ऐकायला ही चाचणी उत्तम वाटते. आता एक लाख धडधाकट लोकांची तपासणी करा, ज्यांत हजारी एक या प्रमाणात 100 जणांना तो कर्करोग आहे. चाचणी 95 रुग्ण शोधेल. त्याच वेळी उरलेल्या 99,900 निरोगी लोकांपैकी 4,995 जणांना तुम्हाला कर्करोग असू शकतो, असे सांगेल. धोक्याचा निकाल आलेल्या 5,090 माणसांत खरे रुग्ण शंभरात दोनसुद्धा नाहीत. बाकीच्यांनी स्कॅन करायचे, बायोप्सी करायची, कर्ज काढायचे आणि रात्री जागायच्या. ‘लवकर कळलेले बरे’ हे वाक्य या हिशेबापुढे आपोआप खरे ठरत नाही. लवकर कळल्याने मृत्यू टळतो का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावाच लागतो.

तो प्रश्न महाराष्ट्राने विचारला होता. 1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने, टाटा मेमोरियल आणि कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या साथीने, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथा गट तुलनेसाठी होता. आठ वर्षे या स्त्रियांचा माग ठेवला गेला. 2009 मध्ये निष्कर्ष आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या अवस्थेतला कर्करोग आणि त्याने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसेटिक ॲसिडने केलेल्या तपासणीमुळे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. चाचणीने किती गाठी शोधल्या, यावर कोणी समाधान मानले नाही. किती बायका वाचल्या, हे मोजले गेले. बार्शीची कसोटी म्हणतो ती हीच. या अभ्यासांतल्या तुलनागटाला तपासणी मिळाली नाही यावर पुढे कठोर नैतिक टीका झाली आणि ती टाळता येण्यासारखी नाही. आज असा अभ्यास करताना तुलनागटाला सिद्ध झालेली तपासणी दिलीच पाहिजे. मृत्यू मोजण्याची शिस्त मात्र सोडता कामा नये.

यावर पहिला आक्षेप असा, की इतकी कडक कसोटी लावली तर कोणतीच मायक्रोआरएनए चाचणी रुग्णांपर्यंत पोचणार नाही. तसे नाही. मायक्रोआरएनए-371 चे उदाहरण घ्या. वृषणाच्या कर्करोगाच्या बहुतेक प्रकारांत हा रेणू रक्तात वाढतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात 616 रुग्ण आणि 258 तुलनेचे पुरुष होते. चाचणीने शंभरातले नव्वद रुग्ण ओळखले आणि आजार नसलेल्या शंभरातले चौऱ्याण्णव बरोबर वगळले. जुन्या रक्तखुणांपेक्षा ती सरस ठरली. यश आले, कारण प्रश्न नेमका होता. निरोगी माणसांत कर्करोग हुडकायचा नव्हता. गाठ असलेल्या पुरुषात ती कर्करोगाची आहे का आणि उपचारानंतर आजार उलटतो आहे का, एवढेच विचारायचे होते. मायक्रोआरएनएचे पहिले खरे उपयोग याच दिशेने येतील: निदान झालेल्या रुग्णाचा गट ठरवणे, उपचाराला प्रतिसाद पाहणे, आजार परतल्याची चाहूल घेणे. निरोगी लोकांची सरसकट तपासणी हा सर्वांत अवघड उपयोग आहे, आणि विकायला तोच सर्वांत आधी काढला जाण्याचा धोका असतो.

दुसरा आक्षेप उपचारांबद्दलचा. शोधाला तीन दशके उलटली, तरी कर्करोगावर मायक्रोआरएनएचे एकही औषध वापरात आलेले नाही. मग हा मार्गच बंद समजू नये का? अपयश मोठे आहे हे मान्य केले पाहिजे. कर्करोगाला आवर घालणाऱ्या मायक्रोआरएनए-34ए ची कृत्रिम नक्कल, ‘एमआरएक्स34’, अमेरिकेत 2013 पासून रुग्णांना देऊन पाहण्यात आली. 85 रुग्णांपैकी तिघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. पण प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रियांनी चार रुग्ण दगावले आणि 2016 मध्ये चाचणी बंद करावी लागली. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर हात ठेवतो. हीच त्याची ताकद आणि औषध म्हणून हाच त्याचा धोका. तरीही दोन गोष्टी विसरता येत नाहीत. याच कुळातल्या, बाहेरून दिलेल्या लहान आरएनएने जनुक शांत करण्याचा शोध 1998 चा आणि त्यावर आधारलेले पहिले औषध आले 2018 मध्ये. मधली बहुतेक वर्षे रेणू नेमक्या अवयवापर्यंत सुखरूप कसा न्यायचा, हे शिकण्यात गेली. यकृतापर्यंत पोचण्याची वाट सापडली. इतर अवयवांतल्या गाठींपर्यंतची अजून नीट सापडलेली नाही. दुसरे म्हणजे, ज्ञानाचा उपयोग औषध होण्यापुरताच नसतो. मायक्रोआरएनए-15 आणि 16 गेले, की पेशीला मरू न देणारे ‘बीसीएल2’ प्रथिन वाढते, हे 2005 मध्ये कळले. त्याच प्रथिनाला रोखणारी व्हेनेटोक्लॅक्सची गोळी 2016 पासून त्या रक्तकर्करोगाच्या रुग्णांना दिली जाते. औषधाचा शोध वेगळ्या वाटेने लागला, पण या आजारात ते का लागू पडते, याचे एक कारण या चिमुकल्या रेणूंनी समजावले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला 14 लाखांहून अधिक नवे कर्करुग्ण आढळतात आणि 9 लाखांहून अधिक मृत्यू होतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभरातल्या जेमतेम दोन स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली होती. म्हणजे धाराशिवच्या खेड्यांत सिद्ध झालेली गोष्टही आपण घरोघर पोचवलेली नाही. गुटखा आणि तंबाखू आवरता येत नाही. अशा वेळी मायक्रोआरएनएवर पैसा खर्च करणे ही चैन नव्हे का? तंबाखूमुक्तीचा किंवा तपासणीचा एक रुपयाही इकडे वळवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण संशोधनाचा पैसा आपण तसाही खर्च करतोच; प्रश्न तो कशावर करायचा याचा आहे. भारतातल्या स्तनकर्करोगात ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा आक्रमक प्रकार सुमारे तीस टक्के आढळतो, पाश्चात्त्य देशांत तो साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास. या प्रकाराला संप्रेरकांवरची औषधे लागू पडत नाहीत. गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरडीचा कर्करोग हा तर तंबाखू चघळणाऱ्या आपल्या लोकांचा आजार. या रुग्णांच्या गाठींतले मायक्रोआरएनए दुसऱ्या देशांनी मोजावेत अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. तिकडच्या रुग्णांवर बेतलेली चाचणी आपल्यावर चालेल, असे धरून चालणेही धोक्याचे.

आणि ही कसोटी घेण्याची बरीचशी सामग्री पुण्यात आहे. एनसीसीएसकडे पेशींचे जीवशास्त्र आहे. आयसर आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांनी मिळून उभारलेल्या केंद्रात स्तनकर्करोगाच्या गाठींचे नमुने आणि त्या रुग्णांच्या उपचारांच्या नोंदी एकत्र जपल्या जातात. मार्च 2020 मध्ये देशी बनावटीच्या पहिल्या मान्यताप्राप्त कोविड पीसीआर किटची निर्मिती पुण्याच्या मायलॅबने केली. मायक्रोआरएनए मोजायलाही मूलतः पीसीआरचेच तंत्र लागते आणि कोविडच्या काळात ती यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. जून 2022 मध्ये पुण्याच्याच जेनोव्हाने बनवलेल्या, साध्या फ्रीजमध्ये टिकणाऱ्या एमआरएनए लशीला तातडीच्या वापराची मान्यता मिळाली. आरएनए शरीरात सुखरूप पोचवणाऱ्या वाहकाचा अनुभव म्हणजे मायक्रोआरएनए उपचारांच्या सर्वांत अवघड गाठीशी झुंजण्याचा अनुभव. कमतरता आहे ती या सगळ्यांना बांधणाऱ्या धोरणाची. रुग्णालयांनी रक्त कसे काढायचे, किती वेळात वेगळे करायचे, कोणता नमुना नाकारायचा, याची एकच लेखी पद्धत हवी. पॅथॉलॉजीच्या कपाटांतले ब्लॉक रुग्णांच्या संमतीने आणि नाव उघड न करता संशोधनाला मिळण्याची सोय हवी. रुग्णाचे पुढे काय झाले, याची नोंद कर्करोग नोंदणीशी जोडलेली हवी. मुंबईत 1963 पासून आणि बार्शीत 1987 पासून अशी नोंदणी चालते आहे, तेव्हा हे काम आपल्याला नवे नाही. संशोधनाला निधी देतानाच नकारात्मक निष्कर्षही प्रसिद्ध करण्याची अट घातली पाहिजे.

तोवर नागरिकांनी आणि डॉक्टरांनी कोणत्याही नव्या रक्तचाचणीला तीन प्रश्न विचारावेत: ती कोणत्या लोकांवर तपासली गेली, तिच्या खोट्या धोक्याच्या इशाऱ्यांचे प्रमाण किती आणि तिच्यामुळे कोणाचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले आहे का. राज्य सरकारनेही हे तीन प्रश्न चाचणीच्या जाहिरातीला परवानगी देण्याआधी विचारण्याची सक्ती करावी. उत्तर नसेल तर चाचणी संशोधनात राहू द्या. तिथे रुग्ण संमतीने, मोफत आणि संरक्षणासह सहभागी होऊ शकतात. विज्ञानाचा मान राखण्याचा हाच मार्ग आहे. स्लग आणि एफबीएक्सओ31 यांचे चक्र पुण्यात उलगडणे ही अभिमानाची गोष्ट आहेच. त्या ज्ञानाने पुण्यातल्या, बीडमधल्या, नंदुरबारमधल्या एखाद्या बाईचे आयुष्य खरोखर वाढते का, हे प्रामाणिकपणे मोजण्याची व्यवस्था उभी करणे ही त्याहून मोठी जबाबदारी आहे, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.